डोक्याचा मार आणि कायद्याचे माप

(पेण आणि रोहा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या वर्गांतून सहसा अर्थनीती, जातिप्रश्न, सहकार असे मोठे विषय चर्चेला येतात. आजचा विषय त्यामानाने लहान वाटेल. कामावर असताना डोक्याला मार बसलेल्या कामगाराचे पुढे काय होते आणि कायद्याने त्याला काय मिळू शकते, एवढेच मला सांगायचे आहे. मी वकील नव्हे. युनियनच्या कचेरीत बसून कामगारांचे अर्ज लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. तेव्हा मी जे सांगणार आहे ते अर्ज लिहिणाऱ्याचे शहाणपण आहे, आणि त्यातले पुष्कळसे चुका करून आलेले आहे.

त्या चुकांपैकी एक प्रथम सांगून टाकतो. याच जिल्ह्यातील एका कारखान्यात कंत्राटदाराकडे फिटरच्या हाताखाली काम करणारा एक तरुण होता. वरच्या मजल्यावरून लोखंडी जोडाचा तुकडा त्याच्या डोक्यावर पडला. मुंबईला नेऊन कवटी उघडावी लागली, आत साकळलेले रक्त काढावे लागले. चौथ्या दिवशी आम्ही फाटकावर मोर्चा नेला. कंत्राटदार घाबरला, त्याने चाळीस हजार रुपये दिले आणि मुद्रांकाच्या कागदावर बायकोचा अंगठा घेतला. आम्ही त्याला लढ्याचे यश म्हटले. मुलगा घरी आला, केस वाढले, व्रण झाकला गेला. कारखान्याच्या डॉक्टरने 'कामास योग्य' असा दाखला दिला. चार महिन्यांत त्याचे काम सुटले. कोणता व्हॉल्व्ह उघडायला सांगितला हे त्याला आठवेना, यंत्राचा आवाज सोसवेना, मुकादमाच्या अंगावर तो धावून जाऊ लागला, आणि पुढे झटके सुरू झाले. अपघाताला तीन वर्षे होऊन गेल्यावर त्याची बायको कचेरीत आली. म्हणाली, "भाऊ, हातपाय सगळे धड दिसतात ना, म्हणून कोणाचा विश्वासच बसत नाही."

मी कपाटातील कागद काढले. त्यात मोर्चाची बातमी होती, आमचे पत्रक होते. केसपेपर नव्हता, हजेरीपटाचा उतारा नव्हता, अपघाताच्या अहवालाची प्रत नव्हती. ज्या आठवड्यात हे सर्व सहज मिळाले असते त्या आठवड्यात आम्ही घोषणा देत होतो. मोर्चा काढू नये असे मी म्हणत नाही. मोर्चा फाटकावर असताना एकाने दवाखान्यात बसायला हवे होते, एवढेच म्हणतो.

आपल्या दोन तालुक्यांची परिस्थिती तुम्ही रोज पाहता. डोलवीचा पोलाद कारखाना, धरमतरच्या खाडीवरील चढउतार, नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल, धाटावची रासायनिक वसाहत, पेण शहराभोवती उठणाऱ्या इमारती आणि वर्षानुवर्षे चाललेले मुंबई-गोवा महामार्गाचे काम. १९९० च्या नोव्हेंबरात नागोठण्याला स्फोट झाला तो साऱ्या जिल्ह्याला आठवतो. पण डोक्याचे मार एकेकट्याला बसतात. परांचीची फळी निसटते, क्रेनचा आकडा झुलतो, ओल्या लादीवरून पाय घसरतो, ट्रकवरचा माल बांधताना साखळी तुटते. एक माणूस पडतो, पाळी पुढे चालू राहते.

डोक्याच्या माराविषयी एक वैद्यकीय गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असली पाहिजे, कारण तिच्यावर जीव अवलंबून असतो. कानशिलाजवळ कवटीला तडा गेला की आतली रक्तवाहिनी फाटू शकते. रक्त कवटी आणि मेंदूच्या आवरणाच्या मध्ये साठत जाते. अशा वेळी माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येतो, बोलतो, चहा पितो, "काही नाही झालं" असे स्वतःच सांगतो. हा मधला शुद्धीचा काळ काही मिनिटांचा असेल किंवा काही तासांचा. त्यानंतर डोके ठणकू लागते, उलट्या होतात, झोप अनावर होते, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागते. त्या झोपेतून तो उठत नाही. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर हाच माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. वयस्क माणसांत आणि नेहमी दारू पिणाऱ्यांत रक्त याहूनही सावकाश साठते. लक्षणे दोन-तीन आठवड्यांनी दिसतात, आणि तोवर अपघात सगळे विसरलेले असतात. म्हणून मार बसलेल्या माणसाला मोटारसायकलवर मागे बसवून घरी सोडू नका. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, यांतले काहीही दिसले तर जिथे सी.टी. स्कॅनची आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असेल तिथेच न्या. पेणहून किंवा रोह्याहून ते अंतर किती आहे आणि रात्री महामार्गावर किती वेळ जातो हे मी तुम्हाला सांगायला नको.

इथे कारखान्यातील एक जुनी चलाखी लक्षात घ्या. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने असे ठरवले होते की जखमी कामगार अठ्ठेचाळीस तास किंवा अधिक काळ काम करू शकला नाही तर अपघाताची सूचना शासनाच्या निरीक्षकाला द्यावी. नव्या संहितेतही तीच मुदत आहे. म्हणून पट्टी बांधून माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावतात, सुरक्षारक्षकाच्या खोलीत खुर्चीवर बसवतात आणि हजेरी लावतात. कागदावर अपघात झालेलाच नसतो. हाताच्या जखमेच्या बाबतीत ही लबाडी असते. डोक्याच्या बाबतीत ती जिवावर बेतते.

आता कायद्याकडे वळतो. आपल्याच जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावात जन्मलेले नारायण मल्हार जोशी हे मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी असताना, १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्याआधी मेलेल्या कामगाराच्या वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली दिवाणी न्यायालयात जाऊन मालकाची चूक शाबीत करावी लागे. १९२३ च्या कायद्याने प्रश्नच बदलला. चूक कोणाची हे विचारायचे नाही. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली काय, एवढेच विचारायचे. कामगार चळवळीने मिळवलेल्या मोठ्या गोष्टींत मी याची गणना करतो, आणि आपल्याकडे तिचा गौरव कमी झाला असे मला वाटते.

परंतु याच कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. कोणता अवयव गेला म्हणजे कमावण्याची शक्ती किती टक्के गेली, याची ती यादी आहे. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, दोन पेरी गेली तर ११, एक पेर गेले तर ९, हाड शाबूत राहून नुसते टोक छाटले गेले तर ५. करंगळीचे ७. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर ४०. दोन्ही हात गेले, पूर्ण बहिरेपणा आला, चेहरा अतिशय विद्रूप झाला तर १०० टक्के. इतके बारकाईचे हे माप. पण साथींनो, या यादीत मेंदू नाही. स्मरणशक्ती नाही, फेफरे नाही, बुद्धी मंदावणे नाही, स्वभाव पालटणे नाही. बोटाच्या पेराला भाव आहे, आणि ज्याच्या आज्ञेने बोट हलते त्याचा उल्लेख नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या गिरण्यांतून आणि खाणींतून ही यादी आली. यंत्राने जे छाटले ते मोजता येत होते, म्हणून मोजले. नव्या संहितेच्या परिशिष्टात ही यादी जवळपास तशीच उतरली आहे.

याचा अर्थ डोक्याच्या माराला भरपाई नाही असा मुळीच नव्हे. मालकाचे वकील तसे भासवतात, म्हणून हे ठासून सांगतो. परिशिष्टाबाहेरच्या इजेसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे: अर्हताप्राप्त डॉक्टरने तपासून कायमची अर्जनक्षमता किती टक्के गेली हे ठरवावे, आणि त्या प्रमाणात भरपाई द्यावी. बोट तुटलेल्या माणसाचा पुरावा त्याच्या हातावर असतो. डोके फुटलेल्या माणसाचा पुरावा कागदावर उभा करावा लागतो. सारा फरक इथे आहे.

तो फरक पैशांत किती पडतो ते पाहू. भरपाईच्या हिशेबासाठी धरावयाच्या मासिक वेतनाची मर्यादा ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने ८,००० वरून १५,००० रुपये करण्यात आली. समजा, कामगाराचे वय ३० पूर्ण आहे आणि वेतन १५,००० किंवा त्याहून अधिक आहे. कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर वेतनाच्या ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, गुणिले त्या वयाचा ठरलेला गुणक २०७.९८. उत्तर येते १८,७१,८२०. हे शंभर टक्क्यांचे. कारखान्याच्या सोयीच्या डॉक्टरने 'किरकोळ विस्मरण, २० टक्के' असे लिहिले तर ३,७४,३६४. मेंदुविकारतज्ज्ञाने झटके, मेंदूचा आलेख आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या पाहून ६० टक्के लिहिले तर ११,२३,०९२. एका वाक्याने साडेसात लाखांचा फरक पडतो.

शिवाय टक्केवारी अवयवाची धरायची नसते, धंद्याची धरायची असते. ओरिसातील एका चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना एक सुतार पडला, त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक म्हणाला, परिशिष्टाप्रमाणे ही अंशतः हानी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या डिसेंबरात निकाल दिला: सुताराचे काम एका हाताने होत नाही, म्हणून त्याच्यापुरते अपंगत्व संपूर्ण आहे. प्रताप नारायण सिंग देव या मालकाच्या नावाने हा निवाडा ओळखला जातो; तो प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा. ज्याला झटके येतात त्याला परांचीवर चढता येत नाही, क्रेन चालवता येत नाही, आम्लाच्या टाकीजवळ उभे राहता येत नाही. वाचण्यापुरती त्याची बुद्धी शाबूत असेल. पण तो गवंडी किंवा क्रेनचालक म्हणून संपलेला आहे. दवाखान्यातून मिळणारा अपंगत्वाचा सरकारी दाखला आणि अर्जनक्षमतेच्या हानीचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही इथेच सांगून ठेवतो. पहिला आणून दुसऱ्याचे काम भागत नाही.

त्याच निवाड्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. भरपाईची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच जन्माला येते, आयुक्ताने निकाल दिल्यावर नव्हे. एक महिन्यात पैसे न दिल्यास १९२३ च्या कायद्याप्रमाणे १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. व्याज विमा कंपनीकडून मिळते, पण दंड मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले. दंडाची मागणी अर्जात लिहायला आपले लोक विसरतात. मागितल्याशिवाय कोण देतो?

तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम द्यावी लागते, जास्तीत जास्त पाच वर्षे. २००९ च्या दुरुस्तीने उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर आला. ही दुरुस्ती होईपर्यंत कवटीच्या शस्त्रक्रियेचे बिल बायकोचे दागिने विकून भरले जाई. अजूनही भरले जाते, कारण हा हक्क आहे हेच घरात ठाऊक नसते. म्हणून औषधाची प्रत्येक पावती जपा.

आता मालकवर्गाची ठरलेली उत्तरे. पहिले, "त्याने हेल्मेट घातले नव्हते." कायद्यात असा अपवाद आहे खरा. सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेला हुकूम किंवा स्पष्टपणे केलेला नियम कामगाराने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून दूर केले, आणि त्यामुळे थेट अपघात झाला, तर भरपाई नाकारता येते. पण मृत्यू झाला असेल किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर हा अपवाद लागूच होत नाही. इतर प्रकरणांत नियम होता, हेल्मेट दिले होते, आणि मोडणे जाणूनबुजून होते, हे मालकाने शाबीत करायचे असते. नुसता निष्काळजीपणा म्हणजे जाणूनबुजून केलेला भंग नव्हे. हेल्मेट कसले दिले हेही पाहा. हनुवटीखालचा पट्टा नसलेली प्लास्टिकची टोपी माणूस पडण्याआधीच खाली पडते. मंत्री यायच्या दिवशी वाटून संध्याकाळी परत गोळा केलेली हेल्मेटे मी पाहिली आहेत.

दुसरे उत्तर दारूचे. डोक्याला मार बसलेला माणूस ओकतो, अडखळतो, असंबद्ध बोलतो. दवाखान्यात त्याला आणणारा मुकादम सांगतो, "साहेब, प्यायलेला आहे." ते वाक्य केसपेपरवर उतरते, आणि दारूच्या अमलाचा अपवाद मालकाच्या हाती आयता लागतो. म्हणून जखमीबरोबर आपला माणूस असलाच पाहिजे. डॉक्टरांना नम्रपणे विचारा की हे तपासून लिहिले की ऐकून, आणि रक्ताची तपासणी करा म्हणावे. माझ्या मते अपघाताच्या रात्रीचे सर्वांत मोलाचे काम हेच.

तिसरे उत्तर, "तो आमचा नाही, कंत्राटदाराचा." १९२३ च्या कायद्याच्या बाराव्या कलमाने याला उत्तर दिलेले आहे. कारखान्याच्या नेहमीच्या धंद्याचे काम त्याच्या ताब्यातील जागेत कंत्राटदाराकरवी करून घेतले तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. त्याने ती मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी. म्हणून अर्जात दोघांनाही प्रतिपक्षी करा. कंत्राटदार पावसाळा संपताच नाहीसा होतो, कारखाना जागेवरच असतो. 'हा रोजंदारीचा, नैमित्तिक' ही सबबही २००० सालच्या दुरुस्तीनंतर उरलेली नाही.

आणि मुद्रांकाचा कागद. हक्क सोडून दिल्याचा कोणताही करार या कायद्याने रद्दबातल ठरवला आहे. मृत्यूची भरपाई तर आयुक्ताकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. तडजोड झाली तर तिची नोंद आयुक्ताकडे व्हावी लागते. तेव्हा अंगठा दिलेला असला तरी हाय खाऊ नका. आमच्या त्या प्रकरणात चाळीस हजारांचा कागद मला वाटला होता तेवढा घातक नव्हता. घातक ठरली ती मुदत. दावा दोन वर्षांत दाखल व्हायला हवा. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो, आणि तिथे मेंदूची इजा हेच कारण म्हणून मांडता आले. रुग्णालयाच्या दप्तरातून नोंदी मिळवल्या, पण हजेरीपट तोवर 'सापडत नव्हता'. प्रकरण तडजोडीने मिटले. मिळायला हवे होते त्याच्या चौथा हिस्साही मिळाला नाही.

ज्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, म्हणजे ज्यांचे वेतन महिना २१,००० पर्यंत आहे आणि ज्यांचे आस्थापन योजनेखाली येते, त्यांचा मार्ग वेगळा. त्यांना मालकाकडून ही भरपाई मागता येत नाही. महामंडळाकडून तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ आणि कायमच्या हानीसाठी वैद्यकीय मंडळाच्या टक्केवारीप्रमाणे दरमहा रक्कम मिळते. कामावरच्या इजेसाठी अमुक दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. कालच कामावर लागलेला माणूसही पात्र असतो. मालकाने वर्गणी बुडवली तरी हक्क बुडत नाही. बांधकाम कामगारांनी याशिवाय राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून ठेवावी. वर्षात ९० दिवस काम आणि १८ ते ६० वय ही अट आहे. अपघातानंतर नोंदणी करायला धावणे व्यर्थ आहे.

रस्त्यावरच्या अपघातांविषयी थोडे. धाटावला किंवा डोलवीला पाळीवर जाणारे शेकडो लोक मोटारसायकलवरून महामार्गाने जातात. बेस्टच्या एका चालकाची गाडी आगारात लावून झाली होती. तो दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला, वाटेत बस उभ्या लॉरीवर आदळली, तो रस्त्यावर फेकला गेला आणि काही दिवसांनी दवाखान्यात मरण पावला. ही १९५७ ची गोष्ट. त्याच्या विधवेचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली मान्य केला. कामाची हद्द आगाराच्या फाटकाशी संपत नाही असे म्हटले. पण हे तत्त्व सर्वांना सरसकट लागू होत नव्हते. धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना मारला गेला. आयुक्ताने ३,२६,१४० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केले. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, वेळ, स्थळ आणि कामाचा संबंध जुळत असेल तर, कामावरचाच धरावा असा तो निकाल आहे. बावीस वर्षांनी! नव्या संहितेने हे आता शब्दांत लिहिले आहे. वाहनाने अपघात झाला असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचाही मार्ग खुला असतो. तिथे वेतनाची मर्यादा नाही, पण सामान्यतः दुसऱ्या वाहनाची चूक दाखवावी लागते. दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. कोणता मार्ग धरायचा हे वकिलाशी बोलून, घाई न करता ठरवावे.

संहितांचा उल्लेख आला तेव्हा त्याविषयी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या. १९२३ चा भरपाई कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत आणि कारखाने अधिनियम व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. त्या तारखेच्या आधीच्या अपघातांचे हक्क जुन्या कायद्याप्रमाणे चालतील. भरपाईचा गाभा, म्हणजे चूक न विचारता जबाबदारी, दोन वर्षांची मुदत आणि मूळ मालकाचे दायित्व, नव्या संहितेतही आहे. आयुक्ताच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' असा शब्द आला. चांगली म्हणावी अशी एक तरतूद आहे: सुरक्षेचे कर्तव्य मोडल्यामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा झाली आणि मालकाला दंड झाला, तर त्या दंडाचा किमान निम्मा भाग जखमीला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. दुसऱ्या बाजूला, कारखान्याची व्याख्या सैल केली आहे. वीज वापरणाऱ्या ठिकाणी पूर्वी १० कामगारांना कारखाना होई, आता २० लागतात. विजेशिवाय २० होते ते ४० झाले. निरीक्षकाला 'सुविधाकार' अशी जोडपदवी मिळाली. सुविधा कोणाची, हे त्या पदवीत लिहिलेले नाही.

बाहेरच्या राज्यांतून आलेल्या कामगारांसाठी एक सोय विसरू नका. अपघात रोह्यात झाला तरी दावा अर्जदार राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो. बिहारमधल्या विधवेने रायगडच्या खेपा घालण्याची गरज नाही. आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिलेला आहे. तालुका न्यायालयात त्याची समिती असते. हा हक्क वापरणारे किती थोडे आहेत हे पाहून मला आश्चर्य वाटते.

मग कार्यकर्त्याने नेमके काय करायचे? पहिल्या रात्री केसपेपरवर 'कामावर असताना' हे शब्द, ठिकाण आणि वेळ उतरली आहे की नाही ते पाहायचे. पोलिसांत नोंद करायची. गेटपास, पगाराची चिठ्ठी, बँकेचे पुस्तक, मुकादमाचा फोनवरचा निरोप, जे हाती लागेल त्याची प्रत काढायची. सोबत काम करणाऱ्या दोघांचे म्हणणे त्यांच्यावर दबाव येण्यापूर्वी लिहून सहीसह घ्यायचे. मालकाला नोटीस पोचपावतीच्या टपालाने पाठवायची. आणि दवाखान्यातून सुटल्यावर घरच्या माणसांना एक वही द्यायची: झटका कधी आला, काय विसरला, रात्री झोप लागली का, रागावून काय केले, तारखेसह. शिकलेली मुलगी घरात असेल तर ती हे उत्तम करते. सहा महिन्यांनी तज्ज्ञ डॉक्टरपुढे ही वही ठेवली म्हणजे परिशिष्टात नसलेली इजा त्याला दिसू लागते.

पेणच्या वर्गात भाषणानंतर एका साथीने विचारले की हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांतल्या पोरांचे काय. तिथे तर पाच-सात माणसेच असतात. प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर इथे देतो. व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या दृष्टीने त्यांतले बहुतेक कारखाने कारखानेच नाहीत. पण भरपाईच्या कायद्याला डोकी मोजावी लागत नाहीत. तो कामाचा प्रकार पाहतो. रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, माल तयार होतो, मजुरी दिली जाते, एवढे पुरे. माळ्यावरून पडलेला किंवा टेंपोत मूर्ती चढवताना तिच्याखाली सापडलेला मजूर भरपाई मागू शकतो. घरच्या माणसांच्या बाबतीत मालक-मजूर हे नातेच नसल्याने अडचण येते. मजुराच्या बाबतीत अडचण येते ती पुराव्याची, कारण हंगामी पोराचे नाव कुठेच लिहिलेले नसते आणि मजुरी तोंडी ठरते. त्या साथीला मी सुचवले की माल भरायला सुरुवात होण्यापूर्वी दहा कारखान्यांत जाऊन प्रत्येकाचे नाव, गाव, वय, रोज आणि कामाला लागल्याची तारीख एका वहीत लिहून आणावी, आणि ती वही कचेरीतल्या कपाटात ठेवावी.